सात नंबरच्या पोर्टची कडी

जबाब. मंगळवार, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

मी, वय ३९ वर्षे, धंदा नोकरी (व्हॅक्युम तंत्रज्ञ, संलयन प्रयोगशाळा), नाव व पत्ता वरच्या रकान्यांत भरून दिल्याप्रमाणे, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, पत्नी व सासरे असे तिघे राहतो. सासरे, वय ५९, माझ्याच प्रयोगशाळेत वेल्डर आहेत. ते काल सोमवारी सकाळी सातच्या सुमारास घरातून गेले, ते अद्याप परत आलेले नाहीत.

आमच्याकडे टोकामॅक नावाचे यंत्र आहे. मोटारीच्या ट्यूबच्या आकाराचे पोकळ पोलादी भांडे. त्यातली हवा काढून आत थोडा वायू सोडतात, सूर्यासारखा तापवतात आणि चुंबकांच्या जोरावर भिंतींपासून दूर धरून ठेवतात. आजवर बारा सेकंद धरला आहे, यंदा वीस धरायचे होते. भांड्याला केसाएवढी फट राहिली तरी काहीच धरत नाही. सासरे एकतीस वर्षे त्याचे सांधे जोडत आहेत. सांधा शिवणीसारखा सरळ येतो म्हणून वर्कशॉपमध्ये त्यांना टेलरमास्तर म्हणतात. वीस सेकंद बघायचे आणि मगच रिटायर व्हायचे, हे मी त्यांच्याकडून जावई होण्याआधीपासून ऐकत आलो आहे.

भांड्याला जागोजागी पोर्ट म्हणजे तोंडे आहेत, त्यांच्या प्रत्येक झाकणाखाली फट बुजवायला तांब्याची कडी बसते. झाकण आवळले की तिच्यात खाच पडते, म्हणून ती एकदाच वापरायची. काढलेली कडी सासरे तिथल्या तिथे पकडीने वाकडी करून डब्यात टाकत. मी चेष्टेने म्हणायचो, "मेलेल्याला कशाला मारता?" ते म्हणायचे, "जावईबापू, सरळ कडी समोर दिसली की माणसाला मोह होतो."

चार महिन्यांपूर्वी देखभालीसाठी यंत्र बंद असताना सात नंबरच्या पोर्टला सासऱ्यांनी नवा सांधा केला. त्याच्या चार बोटे वर झाकण आहे, ते मी लावले. जेवणाची सुट्टी होती, स्टोअर बंद होते. सकाळी काढलेली कडी टेबलावर पडली होती, सासऱ्यांनी अजून वाकवली नव्हती. ती मी बसवली. थंड असताना चाचणी ठीक आली. यंत्र तापवले तेव्हा गळती लागली.

बाहेरून हेलियम फवारून गळती शोधतात, पण सांधा गळतो की झाकण, हा चार बोटांचा फरक त्यातून नीट कळत नाही. बैठकीत मुख्य शास्त्रज्ञ मॅडमनी मला विचारले, "कडी नवी होती ना?" सासरे समोर बसले होते. मी "हो" म्हणालो. सासरे म्हणाले, "ह्याने लावलीय म्हणजे कडीचा प्रश्नच नाही. माझाच हात चुकला असेल."

खापर सांध्यावर फुटले. त्यांना यंत्रावरून काढून स्टोअरमध्ये बसवले. बाहेरच्या वेल्डरने सांधा कापून पुन्हा केला, तरी गळती राहिली. वीस सेकंदांचा प्रयोग पुढच्या वर्षावर गेला, तोवर सासरे रिटायर होतील. घरी ते उजवा हात उताणा ठेवून बघत बसायचे. पत्नी म्हणाली, "बाबा, एकदा डोळे तरी तपासून घ्या." त्यांनी तपासले. चष्म्याचा नंबर तोच होता. कडीचे मी तरीही सांगितले नाही. मला लाज वाटत होती, हे लिहून घ्यावे.

शनिवारी दुपारी मी झाकण उघडले. कडीवर शेजारी शेजारी दोन खाचा होत्या. नवी कडी बसवल्यावर गळती थांबली. जुनी मी जॅकेटच्या खिशात टाकली आणि सोमवारी बघू म्हटले. रविवारी आम्ही दिवसभर घरात होतो. सासऱ्यांनी मोरीचा नळ दुरुस्त केला, मी त्यांना पाना धरून दिला. सांगायला पुष्कळ वेळ होता.

फाटकातली स्कूटर बाजूला घ्यायला ते रोज सकाळी माझ्या जॅकेटमधून चावी काढतात. काल मी उठलो तेव्हा स्कूटर बाजूला लावलेली होती आणि चावी खिळ्याला होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती कडी होती, पकडीने वाकडी केलेली. पत्नीने विचारले, "अहो, हे काय आहे?" तिला मी तेव्हा सगळे सांगितले. ती माझ्याशी अजून बोललेली नाही.

सासऱ्यांचा मोबाईल घरीच आहे. अंगात राखाडी फुलशर्ट, डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना व्रण. ते स्टोअरलाही गेलेले नाहीत. घरात भांडण झालेले नाही. त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. वाकवलेली कडी मी ठाण्यात जमा केली आहे. ते मिळून आल्यास त्यांना आधी सांगावे की सांधा चांगला होता.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "घरातून निघून जाण्याचे कारण समजून येत नाही" असे वाक्य हवालदारसाहेबांनी रिवाजाप्रमाणे घातले होते. ते मी खोडायला लावून बाजूला सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.