चहा सोडल्याचं कारण

...आता मला सांगा, नुसतं ‘आज चहा नको’ म्हटलं तर माणसाने इतकं मनाला लावून घ्यावं का? पण आमच्या शिझुओकात मागल्या दारापासून डोंगरापर्यंत चहाचीच झुडपं, तिथे पुढे आलेला कप परत करायचा म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. शेजारची कात्सुको स्वतःच्या मळ्यातल्या पहिल्या खुडणीचा चहा घेऊन आली, मी म्हटलं, ठेव गं, नंतर घेईन, तर म्हणते, “फुमियोबाई, आमची पानं आता तुमच्या घशाखाली उतरत नाहीत वाटतं,” आणि गेली ती अजून फिरकली नाही. बरं, कारण सांगावं, तर सांगता येत नाही. नवसाला चहा सोडला की गावात कुणापाशी बोलायचं नाही, बोललं की नवस गेला. तुम्ही परगावचे, तुम्हाला चालतं, मी देवळात आधी विचारून घेतलंय.

तर झालं काय, आमच्या ह्यांना आतड्याचा कॅन्सर. तेरुओ नाव ह्यांचं, पण मी कधी घेतलं नाही. डॉक्टर इशिगामी, वयाने आमच्या मुलापेक्षा लहान, फार हळू बोलतात, मला म्हणाले, “बाई, गाठ केवढी आहे ते आम्ही पाहतोच, पण रक्तात सीआरपी म्हणून एक आकडा असतो, अंगात दाह किती ते सांगणारा. तो चढाच राहिला तर पुढचं कठीण जातं. उतरला म्हणजे सगळं बरं झालं असं नाही, पण तो उतरावा अशी इच्छा धरा.” इच्छा धरा, हे मला सांगायचं? जन्म गेला माझा इच्छा धरण्यात. मुलाच्या परीक्षेसाठी वर्षभर गोड सोडलं होतं, तो पास झाला आणि नोकरीला थेट उत्तर टोकाला, साप्पोरोला गेला, कारण ‘जवळच राहो’ हे नवसात म्हणायचं माझ्याकडून राहून गेलं.

म्हणून ह्या वेळी नीट बोलले. कान्नोनदेवीपुढे बसून म्हटलं, आई, आकडा चार पूर्णांक दोन आहे, एकाच्या खाली आण, तोवर माझा चहा तुझा.

आता गंमत बघा, एकेचाळीस वर्षं आम्ही दोघं दुपारी तीनला चहा घेतो. भांडलो तरी घेतो, न बोलता घेतो, पण घेतो. हॉस्पिटलातही मी थर्मास भरून नेते. पहिल्या दिवशी एकच कप ओतला, हे म्हणाले, “तुझा?” म्हटलं, घरून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी, “तुझा?” म्हटलं, पोट जड आहे. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही, खिडकीकडे बघत बसले. आणि मला सांगता येत नाही. त्यात नर्स म्हणते, “आजोबा पेजेचे दोन घास घेतात आणि वाटी सारतात.” मला वाटलं, औषधाने तोंड कडू झालं असेल.

आठवड्याने रक्त तपासलं, आकडा तीन पूर्णांक एक! मी तिथेच, हॉस्पिटलच्या बोळात, देवळाच्या दिशेला वाकून नमस्कार केला. डॉक्टर मात्र हसेनात. “बाई, दाह उतरतोय, पण रक्तातलं प्रथिन घसरलंय. आम्ही दोन्ही आकडे मिळून बघतो. जेवले नाहीत तर हे उतरणं काय कामाचं?”

गेले खाटेपाशी. म्हटलं, अहो, जेवत का नाही? तर भिंतीकडे तोंड करून म्हणतात, “किती महिने सांगितलेत?”

“कसले महिने?”

“माझ्या वडिलांच्या वेळी डॉक्टरांनी खरं काय ते आईला सांगितलं, वडिलांना म्हणाले, अल्सर आहे. आई रोज हसत येऊन बसायची, पण चहा घशाखाली उतरायचा नाही तिच्या. तेवढ्यावरून ओळखलं होतं मी. तुझाही उतरत नाहीये, आठवडा झाला.”

म्हणजे बघा, मी चहा सोडला ह्यांनी जगावं म्हणून, आणि हे जेवण सोडून बसले, मी चहा सोडला म्हणून. आणि सांगता येत नाही! एकीकडे देवी, एकीकडे हे, मध्ये थर्मास... मी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि त्यांच्यासमोर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. हे माझ्या गळ्याकडे बघत होते.

“उतरला?”

“उतरला.”

“मग आठवडाभर काय झालं होतं?”

“पोट जड होतं.”

“आठवडाभर?”

“आठवडाभर.”

मग स्वतःलाही घोटभर ओतून घेतला, पिऊन म्हणाले, “पाणी फार गरम घेतलंस, कडवट झालाय,” आणि पेजेची वाटी स्वतःहून जवळ ओढली.

संध्याकाळी देवळात गेले, मान वर होईना. म्हटलं, आई, चुकले, पण निम्माच मोडला असं धर. तीन वाजताचा त्यांचा राहू दे, घरचा सगळा तुझा, सकाळचा, जेवणानंतरचा, निजायच्या आधीचा. तिने ऐकलं म्हणायचं, कारण परवा आकडा दोन पूर्णांक सहा आला आणि प्रथिन केसभर वर. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडतंय. असेल, औषधही तिचंच. एकाच्या खाली मात्र अजून यायचाय.

तोवर घरचा नवस बिनबोभाट चाललाय बघा. कात्सुकोने दिलेली पुडी तशीच बांधलेली आहे, ह्यांचा थर्मास भरण्यापुरती सोडली तर दोन महिन्यांत किटली चुलीवर चढली नाही, आणि कारण लपवायचे कष्टही नाहीत. विचारायला घरात आहे कोण?