कडव्या वालांची वाटी

—नको ताई, ती गाठ सोडू नका. आईचे हात बांधलेले बघवत नाय, कळतंय मला. मलाही बघवलं नाय, तेच तर नडलं. ही माझी सासू, ठमाबाई. कोलाडच्या पलीकडं गाव आमचं. तीन वर्षांत माणसं विसरली, घर विसरली, आता गिळायचंही विसरत चालली — म्हणून नाकात नळी. ती दोनदा उपटली, म्हणून सिस्टरनी हात बांधले. उपटत नव्हती हो! बघा, आताही बघा — अंगठा नि बोट. काय करतेय? बिरडं सोलतेय. जन्मभर वाल लावले, वाल सोलले, गावात कुणाचं कार्य असलं की घमेलंभर बिरडं हिच्यापुढं. चिमटीत दाबलं की साल सुटली!

मग मी काय शहाणपणा केला — परवा घरून मोड आलेले कडवे वाल आणले, वाटीत कोमट पाणी घातलं नि हिचे हात सोडले. काय सांगू! नळीला बोट नाय लावलं. साल इकडं, डाळ तिकडं. नि मला म्हणते, "नीट बस गो नूतन." 'नूतन' म्हणाली, ताई! सहा महिन्यांनी नाव घेतलं माझं. मी बाहेर गेले, पाणी आणायला — नाय, खोटं कशाला बोलू, रडायला गेले. आले तर ठसका, ओठ निळे. तोंडातनं तीन डाळी काढल्या मी. आत किती गेल्या, देवाला ठाऊक. वाटी पिशवीत लपवली, मग सिस्टरना हाक मारली. आधी वाटी, ताई. मग हाक.

डॉक्टर म्हणाले, छाती भरलीय, या आजारात होतं असं. तोंडानं काय दिलं होतं का? मी म्हटलं, नाय. प्रवीणलाही नाय सांगितलं — नवरा माझा, डोलवीला कंपनीत हाय. शिफ्ट सुटली की येतो नि म्हणतो, आईचं तूच केलंस. काय तोंड दाखवू त्याला?

व्हय, सांगितलं तर छातीत गेलेली डाळ काढतीलही. नि नाय निघाली तर? मग मी कुठं जाऊ?

बघा, बांधल्या हातानं चाललंयच. घे गो आये, हा घे माझा अंगठा. सोल. सोल हवा तेवढा.

डॉक्टर आले वाटतं. ताई, तुम्ही तुमच्या खाटेकडं जा. माझ्याकडं असं बघू नका — जा म्हटलं ना.