बारा नंबरचा डबा

...अहो, फ्रीजमध्ये ठेवलेली वस्तू माणूस खायचीच समजणार ना? तुम्हीच सांगा! डब्यावर बारा आकडा होता, कबूल. पण आमच्या आईच्या मसाल्याच्या डब्यांवरही आकडे आहेत, म्हणून काय स्वयंपाकघराला प्रयोगशाळा म्हणायचं?

तुम्हाला सांगतो, भावनाताईच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा दिवस. माझी सख्खी बहीण, डेंग्यूने चार दिवसांत गेली. लखनौतलं आमचं अख्खं जानकीपुरम घरात, तिच्या प्रयोगशाळेतले सर येणार, आणि मी आठवीत शाळा सोडलेला, पंक्चर काढणारा भाऊ... मी काय भाषण करणार? ताईला गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, फार आवडायची. फ्रीजरमध्ये त्या डब्यात दिसली, तळली, फोटोपुढे ठेवली! आई ओरडली, "नागसेन, बौद्ध ना रे आपण? गेलेल्या माणसाला पान वाढतात का आपल्यात?" मी म्हटलं, "आई, पान कुठाय, प्लेट आहे!"

तेवढ्यात सर आले. फोटोला हात जोडले, खाली बघितलं आणि पांढरेफटक! "भैया... ये कहाँ से आया?"

"फ्रिज से, सर. गरम है, लीजिए ना!"

सर जमिनीवरच बसले हो. ती अंडी म्हणे दक्षिण ध्रुवाच्या समुद्रातली! जहाजातून, विमानातून, बर्फात घालून लखनौला आणलेली. प्रयोगशाळेचा फ्रीजर बिघडला म्हणून ताईने आठवडाभर घरी ठेवलेली. तिथे ना माणूस, ना कारखाना, तरी आपल्या धुराड्यांतला पारा वाऱ्यावर तिथवर जातो, माशाच्या अंगात साठतो, आईकडून अंड्यात उतरतो. मग अंड्यांत किती पारा उतरला, त्यानं पिल्लं निघतील की नाही, धड निघतील की वाकडी, हेच ताई तपासत होती. "सबसे बूढ़ी मछली के अंडे यही थे, भैया. अब दोबारा कहाँ मिलेंगे?"

मी घाबरून विचारलं, "सर, नमक देखने को एक टुकड़ा मैंने भी खाया है..."

"आपको कुछ नहीं होगा."

मला काही होणार नाही! हे ऐकून तर जास्तच लाज वाटली. पण फ्रीजमध्ये ठेवलेली वस्तू माणूस खायचीच समजणार ना?

नाही... खोटं कशाला बोलू? ताईने सांगितलं होतं मला. डबा ठेवताना म्हणाली, "नागू, याला हात लावलास तर बघ," आणि मग अर्धा तास मासे, पारा, अंडी... मी मोबाईलवर मॅच बघत "हाँ हाँ" करत होतो. वर म्हणालो, "ताई, आधी स्वतःचं लग्न बघ, माशांच्या पोरांची कसली काळजी करतेस?" ती हसली. शाल गुंडाळून बसली होती, यार, ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात. ताप तेव्हाच होता तिला. मला शालही दिसली नाही.

सरांनी पिशवीतून ताईची प्रयोगाची वही काढली. अकरापर्यंत तिच्या बारीक अक्षरात सगळं भरलेलं, बाराच्या पुढे कोरं. "कारण तो लिखना पड़ेगा, भैया. क्या लिखूँ?"

म्हटलं, "जो हुआ, वही लिखिए."

त्यांनी लिहिलं, वाचूनही दाखवलं, "सैंपल बारह, भाई ने तल दिया." हसा हो, हसा, तीही हसली असती. ताईच्या एवढ्या मोठ्या कामात आपलं नाव आलं ते असं... आणि खाली सहीसुद्धा माझीच घेतली.