चवळी डब्यातच उगवली

सकाळी बरोबर पावणेअकरा वाजता आमच्या पोराच्या ओठावर काळा तीळ दिसला आणि तुम्हाला सांगते, तो तीळ चालायला लागला! बोटानं काढला तर... भुंगा! कुठला? पेरायच्या चवळीच्या डब्यातला. डब्याला कान लावला तर आत नुसती कुरकुर. दाण्यादाण्याला भोक! आणि बी केवढं? तेवढंच. सासूबाईंनी निवडून निवडून जपलेलं, हे गेलं की वाणच गेलं.

नवरा म्हणतो, "त्यात काय, विषारी गोळी टाकतो. तासाभरात गार!"

"कोण गार? घरात रांगतं पोर आहे, म्हटलं!"

"डबा वर ठेवू."

"वास खाली येईल त्याचं काय? खाली कोण असतं? घरात रांगतं पोर आहे!"

त्यात दीर बोलले, "वहिनी, आमच्या लहानपणी आई टाकायचीच की गोळी."

"दिसतंय ते, भावजी!"

मग ताईला फोन लावला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, तिला बी-बियाण्यातलं सगळं कळतं. "अगं वेडे, गोळी कशाला? कडुलिंबाचा पाला वाट, पाण्यात भिजव, गाळ, तो रस बियांना चोळ, आणि मग..."

मग काय? ऐकायला थांबतंय कोण! पोर गप्प झालं होतं ना! पोर रडलं तर परवडतं, गप्प झालं की आईला धडकी भरते. फोन टाकून धावले, तर साहेब चप्पल चाटतायत.

वाटला पाला. हात हिरवे, पाटा कडू, त्याच हातांनी केलेला चहाही कडू. नवरा तोंड वाकडं करून म्हणतो, "हा काय चहा आहे?" म्हटलं, प्या मुकाट्यानं, तुम्हालाही कीड लागणार नाही! रस चोळला, बी डब्यात भरलं, झाकण घट्ट लावलं. का? घरात रांगतं पोर आहे!

दोन-तीन दिवसांनी सासूबाईंनी विचारलं, "मेले का गं भुंगे?"

"मेले, आई."

"सगळे?"

"सगळे."

"आणि चवळी?"

"...उगवली."

"कुठं उगवली?"

"डब्यात."

सासूबाई डब्याकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत... "लोकांच्या सुना शेतात राबतात, हिनं शेतच डब्यात आणलं!"

मग काय, अख्खं घर वावरात! एकेक मोड हातानं लावला. निम्मे डब्यातच कुजले होते, उरलेले मी पोर काखेत घेऊन लावले. ओंजळभर वेल जगले. वाण वाचलं हो! आणि तेव्हा ताईचा फोन, "अगं, मी सांगत होते, आणि मग सावलीत खडखडीत सुकव!"

म्हणून बायांनो, जिच्या घरी बी आहे आणि मांडीवर लेकरू आहे, तिला माझा एवढा निरोप द्या. पाल्याचा रस लाव, बी खडखडीत सुकव, मगच झाकण लाव, आणि डबा उंच फळीवर ठेव. किती उंच, ते मात्र मला विचारू नका. मी उंच समजत होते त्या डब्याच्या फळीला धरून काल आमचं पोर उभं राहिलं, आणि दोन पावलं चाललंसुद्धा.

आता घरात चालतं पोर आहे, म्हटलं!