झडपेचं पथ्य

— नाही हो सिस्टर, गोळ्या विसरले नाहीत आमचे मालक. मघाशी मीच तसं म्हन्लं, पन जल्मभर यष्टी चालवलेला मानूस, ब्रेक तपासल्याबिगर कधी गाडी काढली नाही, अवघं उंद्री गाव दयाराम डायवर म्हन्ते त्याईले — तो मानूस गोळ्या विसरन? बंद केल्या त्याईनं. तुमच्या दवाखान्यात तपासनीले येनंही बंद केलं. म्हनून तर तुमाले इथवर यावं लागलं. बसा ना. मागं गोठ्याकडं हायेत ते, हाक मारली का येतील — नाही, नोका मारू. आधी मले बोलू द्या.

ऑपरेशन तर चांगलंच झालं. काळजातली झडप खराब, तिच्या जागी डुकराची बसवली, तुमीच समजावलं होतं, मीच सही केली. मले काही वाटलं नाही, खरं सांगते. मानूस वाचला ना, मंग डुकराची असो का बैलाची! घरी आले, हिंडाले-फिराले लागले, आमच्या धम्मशीलाची पोरगी करिष्मा, तिले तर आजोबाची मांडीच पाह्यजे. आन् मंग मोबाईलवर तो व्हिडिओ आला. कोटवाला एक बाबा सांगून राह्यला, का डुकराच्या पेशीपेशीत एक विषानू राह्यते, तो बाहेरून लागत नाही, त्याच्या वंशातच उतरते, धुतलं तरी जात नाही — आन् डुकराचा अवयव मानसात टाकला का तो मानसात येईन, मंग घरच्याईत. पुन्हा पुन्हा पाह्यला मी तो. झोप येईना.

मंग काय केलं म्हन्ता? काही नाही केलं. कप वेगळा केला फक्त. म्हंजे कप, आन् ताट, आन् गिलास. टॉवेल. त्याईनं विचारलं, ‘बेबी, हे काय?’ मी म्हन्लं — रागावू नोका, सिस्टर — मी म्हन्लं, दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं, झडपेचं पथ्य हाय. तुमचंच नाव घेतलं. ते म्हन्ले, ‘सिस्टर म्हन्ते त पाळा मंग.’ झालं. मुकाट्यानं पाळलं. एवढा भोळा मानूस.

पन लेकरू आयकते का? करिष्मानं त्याईच्या हातातला अर्धा खाल्लेला जांब घेतला आन् तोंडाले लावला. मी धावली. अशी चापट मारली का जांब भुईवर. ‘उष्टं नोको खाऊ त्याईचं, डुकराचा रोग लागन!’ — ओरडलीच मी. ते समोरच बसेल होते. मी पाह्यलंच नाही का ते... नाही. पाह्यलं होतं. पाह्यलं होतं, सिस्टर, आन् तरी बोलली.

ते उठले, आपला कप घेतला, हापशीवर धुतला, आन् दाराबाहेरच्या कोनाड्यात पालथा घातला.

तुमाले नाही समजायचं. त्याईचा बाप पाटलाकडं सालदार होता. असाच एक कप राहे त्याच्यासाठी, ओट्याखालच्या कोनाड्यात. वरून चहा वतत, पिला का त्यानंच धुवाचा, त्यानंच पालथा घालाचा. ह्याईनं ल्हानपनी डोळ्यानं पाह्यलं. दर चौदा एप्रिलले विहारात पोराईले सांगतात, ज्या घरात तुमचा कप वेगळा, त्या घरचं पानीही नोका पिऊ. आन् आता त्याईच्याच दारात — कोनं ठेवला? ‘वंशातच हाय, धुतलं तरी जात नाही’ — हे कोनाबद्दल बोलत होते लोकं? आमच्याबद्दल! तेच बोल त्या मोबाईलमधून येत होते, आन् मले वयखूच आले नाही.

तवापासून गोळ्या बंद. म्हन्ते, ‘हे काळीज जगवून काय करू, घरात त घ्याले कोनी तयार नाही.’

आता तुमीच सांगा, हाय का तो विषानू?... हाव? डुकरात खरंच राह्यते? मंग मी — बरं, बरं, बोला... अस्सं. झडप औषधात मुरवेल असते. तिच्यात जिवंत काही उरतच नाही, मंग तो कुठं जगन. आन् तिकडं परदेशात डुकराच्या जित्या किडन्या लावून राह्यले, त्याची काळजी वेगळी... डुकराच्या बीजातूनच तो तुकडा कापून टाकतात, असंही करतात? आन् मानसाईले? आजवर कोनाले लागल्याचं सापडलं नाही, तरी डोळ्यात तेल घालून पाहून राह्यले. समजलं. एवढंच होतं तर.

मंग विचारलं काऊन नाही म्हन्ता? नंबर होता ना तुमचा. लाज वाटे हो. फोनवर डुकराचं नाव काढाची लाज वाटे. आन् कप वेगळा कराची नाही वाटली.

काय? त्याईले सांगू, भीती नाही म्हनून? सांगा ना. पन मी काय सांगू? का या, आता जवळ बसा, तुमच्यात विषानू नाही?

आन् असता तर?

जा तुमी, सिस्टर. ते तिकडं गोठ्यापाशी. छाती तपासा, गोळ्याईचं समजावा, तुमचं आयकतील ते. पथ्य तुमी नव्हतं सांगितलं, तेबी त्याईले — नाही. ते नोका सांगू. ते माह्यं हाय, मीच सांगन. चहा नंतर पाहू. जा ना. अशा पाहू नोका माह्याकडं. जा.