सुरमईची शेवटची कुस्ती

माझं माहेर चिंचणीचं, लग्न करून आले ती इथे आगरला, म्हणजे समुद्र तोच, फक्त ओटा बदलला. बाप होडीवर, नवरा होडीवर, मी बोंबील सुकवते आणि तलासरीच्या बाजारात नेऊन विकते, बस, एवढंच माझं आयुष्य, त्यात लिहिण्यासारखं काय ते तुलाच ठाऊक. पण तू कुस्तीच्या चॅनलचं विचारलंस ना, मग नीट बस, पाय वर घे, खाली ओलं आहे. ते सांगायला मला कधीपण बोलव.

काय सांगू तुला, बाय, दिवसभर नुसती कुस्ती लागायची त्या चॅनलवर. बातम्या नाय, सिरियल नाय, सकाळपासून नुसती आदळआपट. आमच्याकडे केबलवाल्याने ते चुकून चालू केलं, आम्ही मागितलं होतं देवाधर्माचं. मी म्हटलं, बंद करायला सांगते, तर माझी सासू, आम्ही तिला आये म्हणतो, ती म्हणाली, थांब गं हिरे, ही बाई पडली आहे, उठते का बघू. ती बाई उठली आणि आये जी बसली ती बसलीच.

नावं आम्हाला कुठे कळायची, सगळी बोलणी हिंदी आणि इंग्रजीत, म्हणून आयेने आपलीच, मासळीची नावं ठेवली. एक जाडा आडवा गडी होता, पाय पकडला की सोडायचा नाय, तो खेकडा. एक बाई मागून येऊन धरायची, शार्कसारखे दात विचकायची, ती मुशी. आणि एक उंच, चांदीसारखे कपडे घालणारी, ती सुरमई. सुरमई म्हणजे आयेचा जीव. शेजारची रतन मुद्दाम मुशीच्या बाजूने. आम्ही तिघी अंगणात बोंबील टाकायला बसायचो, तुला माहीत नसेल, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि दोरीवर टाकायचे, एक या बाजूला लोंबतो, एक त्या बाजूला, तर आये बोंबील अडकवता अडकवता म्हणायची, हे बघ रतन, सुरमईने तुझ्या मुशीला असं धरलं. रतन म्हणायची, आये, तुझी सुरमई दोरीवरच सुकणार. असं रोज. हसून हसून बोंबील हातातून सुटायचे.

आता मधलं सांगते, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाय. आमच्यात होडी आली की मासळीची पहिली पाटी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने घ्यायची. कमरेएवढ्या पाण्यात जायचं, होडीवरून पाटी डोक्यावर घ्यायची, मग बाकीच्या हात लावणार. ती पाटी आयेची. तिच्या सासूनंतर तिनेच घेतली, ताप असला तरी घेतली. आणि एकदा लाटेत पाय असा मुडपला की गुडघाच गेला. डॉक्टर म्हणाले, आजी, आता पाण्यात नाय जायचं, काठी घेऊन घरातल्या घरात चाला. तेव्हापासून पहिली पाटी माझ्याकडे आली. मला कसंतरीच व्हायचं, जशी मी तिच्या ताटातलं काढून खाल्लं. होडी यायची वेळ झाली की भिंतीकडे तोंड करून निजायची. घरातल्या घरात चालायला सांगितलं होतं, तर तेवढंही चालेना, मोरीपर्यंत मी धरून न्यायची. अंगणात बोंबील टाकायला येईना. टीव्ही तेवढा बघायची.

आणि तेवढ्यात काय झालं असेल? सुरमईचा गुडघा गेला! खरं सांगते, खेकड्याची बायको होती एक, तिने खुर्ची मारली. स्ट्रेचरवरून नेली सुरमईला. आये दोन घास जेवली नाय. मग कितीतरी महिने ती दिसलीच नाय, आणि एक दिवस चॅनलवर दाखवायला लागले, सुरमई परत येणार, मुशीबरोबर जिंकणारीला मिळतो त्या पट्ट्यासाठी लढणार. गुडघ्याला काळी पट्टी बांधून पळताना दाखवली तिला. आये माझ्याकडे बघून म्हणाली, हिचा बरा झाला तर माझा का नाय? मी म्हटलं, आये, ती जिंकली तर तू पण उठायचं. म्हणाली, जिंकली तर उठेन. आणि हरली तर माझ्यासमोर परत होडीचं नाव काढू नको.

बघ, अशी अडकली माझी मान. एका बाईने कुठेतरी परदेशात जिंकायचं, आणि आगरला माझी सासू उठणार.

त्यात केबलवाला आला, सांगून गेला की उद्यापासून चॅनल बंद, आजचा शेवटचा दिवस. म्हणजे ती कुस्ती शेवटची, परत दाखवणार नाय. आणि नेमकी दुपारी, होडी यायच्या वेळेला! भरती कुणासाठी थांबते का? नवऱ्याला फोन केला तर म्हणतो, तुझ्या कुस्तीसाठी होडी समुद्रात नाचवू का?

मग रतननेच डोकं चालवलं. होडीपासून आमच्या अंगणापर्यंत आम्ही बायका रांगेत उभ्या राहतो, पाटी हातोहात वर येते. रतन म्हणाली, पाटी वर जाईल, कुस्ती खाली येईल. आयेने खिडकीतून ओरडायचं, अंगणातलीने पुढे सांगायचं, तसं होडीपर्यंत. मी पाण्यात, सगळ्यात शेवटी. काय सांगू तुला, काय ती दुपार! वरून आवाज यायचा, सुरमई आली! मुशीने केस धरले! आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर प्रत्येकीने आपला मसाला घातलेला, मुशीने केस धरले, आपटली, चावली, अगं रक्त! होडीवरचे गडी पाट्या धरून उभेच. नवरा ओरडतोय, मासळी घ्या आधी, आणि लगेच विचारतोय, मग सुटली का ती?

आयेचा आवाज मात्र नीट येत नव्हता, आमच्या बाजूला पिठाची चक्की आहे ना, ती धडधडत होती. मग निरोप आला, सुरमई खाली पडली, गुडघा धरून बसली, उठत नाय. रतन मुशीवाली, पण तिने पण तोंडावर हात ठेवला. माझ्या डोक्यावर पाटी, पाणी कमरेला, आणि मी मनात म्हणतेय, ऊठ गं बाई, ऊठ, माझी म्हातारी निजून राहील.

थोडा वेळ काहीच नाय. मग एकदम आयेचा आवाज आला, इतका मोठा, इतका स्वच्छ की मला पाण्यात थेट ऐकू आला, मधल्या बायांची गरजच नाय. उठली! सुरमई उठली! मुशीला धरली, जबडा अडकवला, दोरीवर टाकली! आपटली! बसली छातीवर! एक! दोन! तीन! अगं, सगळा किनारा ओरडला. गड्यांनी होडीत उड्या मारल्या, एक पाटी पाण्यात गेली, कुणी बघितलं नाय. रतन म्हणत होती, फसवलं माझ्या मुशीला, पंच विकलेला आहे, आणि रडत पण होती.

मी धावत वर आले. आये खिडकीत नव्हती. ती बाहेर होती, गल्लीच्या तोंडाशी, काठी न घेता, दोन्ही हात वर करून उभी. मी तिला धरायला गेले तर मला म्हणाली, सोड, उभी राहते मी.

पाणी आणायला घरात गेले तर पंखा थांबलेला. टीव्ही काळा. तेव्हा लक्षात आलं, चक्की कधीची गप्प होती. म्हणून तर आवाज स्वच्छ आला. म्हणजे सुरमई खाली पडली आणि लाईट गेली, त्यापुढची सगळी कुस्ती आयेने एकटीने केली.

संध्याकाळी मी हळूच विचारलं, आये, लाईट तर मधेच गेली होती ना? ती बोंबील अडकवत बसली होती, मान वर केली नाय. म्हणाली, गेली असेल. म्हणून काय तिला खाली पडलेली ठेवू?

दुसऱ्या दिवशी काठी टेकत किनाऱ्यावर आली. पाण्यात नाय जात आता, कोरड्या वाळूवर उभी राहते, मी होडीवरची पाटी उतरवते आणि तिच्या हातात देते, मग बाकीच्या हात लावतात. आज होडीला अजून वेळ आहे, तरी तिथेच गेली आहे. रतनची मुलगी म्हणते, मोबाईलवर जुन्या कुस्त्या सगळ्या सापडतात, शोधून देऊ का? मी म्हटलं, तुला दुसरं काम नाय का? तू पण शोधू नको, बाय. शोधलंस तर खरं काय झालं ते स्वतःजवळ ठेव. तशी तू कमीच बोलतेस, ते बरं आहे.

ती बघ आली. मला विचारतेय, काय सांगतेस गं पोरीला? सुरमईचं सांगते, आये. जिंकली ते सांगितलंस का? सांगितलं, आये, तेच सांगितलं.

लिही तू खुशाल, सगळं लिही, तुझं भलं होवो. आयेला वाचता येत नाय. रतनला येतं, तर वाचू दे. भांडायला आली तर आये बघून घेईल, आता पाय चांगला आहे तिचा.