जन्माला पुरेल अशी एकच रायफल

ठेव, ठेव ती मॅग्नम रायफल जागेवर, कॉर्बिन. विकत नाही असं कुठं म्हणतेय मी – दुकान उघडून बसलेय ते विकायलाच – पण आधी ठेव आणि त्या स्टुलावर बस, कॉफी ओतते. फॉर्म भरलायस, पण सरकारी चौकशीचा फोन येऊन मंजुरी मिळेपर्यंत तशीही तुला ती दाराबाहेर नेता यायची नाही. आणि तो कागद मघापासून माझ्या नाकासमोर काय धरलायस, खिशात घाल. आर्विडनंच दिलाय ना? सकाळी घोड्यांवर तंबू लादता लादता खरडला असेल. नवरा आहे माझा, न वाचता सांगते काय लिहिलंय ते – तीनशे मॅग्नम, दोन पेट्या गोळ्या आणि एक नारिंगी जाकीट. येईल त्या प्रत्येक तरण्या माणसाला हेच सांगतो तो. तू वाचलास का उघडून? नाही? माझ्याच, वर्नाच्याच हातात दे म्हणाला? बरं. गुणी आहेस. सांगेन मी आमच्या टेसाला, नेमबाज कसाही असो, पण दुसऱ्याची चिठ्ठी वाचत नाही, अशाशी तू लग्न करायला माझी हरकत नाही.

तर काय म्हणालास तू दारातून आत येताना? जन्माला पुरेल अशी एकच रायफल. मला आवडलं ते. आमच्या इथं कोणी असं बोलत नाही. पोस्टातल्या लायमनकडे अकरा आहेत, आणि दर वर्षी शनिवारी शिकारीचा हंगाम उघडला की अकरापैकी एकीचाही नेम लावलेला नसतो. एकच घ्यायची, तिच्यावरच हात बसवायचा, म्हातारपणी नातवाला द्यायची – विचार चांगला आहे. पण त्यापुढचा विचार चुकतोय तुझा, आणि तुझा एकट्याचा नाही, सगळ्यांचा इथंच चुकतो. हरीण मारायचंय, हरणाहून थोराड एल्क मारायचाय, नशिबात असलं तर त्याहून थोराड एखादा मूस, आणि अस्वल आलंच अंगावर तर अस्वल – मग त्यातल्या सगळ्यात मोठ्या जनावराच्या मापाची रायफल घ्यावी, असंच ना? माप जनावराचं नाही घ्यायचं रे. माप आपलं घ्यायचं. चपलेसारखं आहे ते. डोंगर मोठा आहे म्हणून कोणी मोठी चप्पल घेतं का?

हसू नकोस. खांदा कसा आहे? मला सगळं माहीत आहे – रविवारी आर्विडनं त्याची मॅग्नम चालवायला दिली, तीन गोळ्या झाडल्यास, आणि घरी जाऊन वाटाण्याची गार पिशवी लावून बसलास. टेसानं सांगितलं. मुलगी आईला सांगणार नाही तर कोणाला सांगेल? म्हणाली, आई, खांदा जांभळ्या वांग्यासारखा झालाय आणि तोंडानं म्हणतोय, छान आहे रायफल. असू दे, झाकू नकोस. थांब, एक गंमत करू. दे ती मॅग्नम इकडे. ही भरली. गोळी खोटी आहे बरं का, नुसतं पितळ, आत दारू नाही, काही नाही – तुला डोळ्यांनी दिसतंय. आता त्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर धर. पंचवीस तारखेवर. श्वास सोड अर्धा, आणि चाप ओढ.

बघितलंस? आवाज नाही, धक्का नाही, तरी नळी पंचवीस तारखेवरून खाली फळीवर आली. आणि डोळे मिटलेस तू. अरे, लाजायचं काय त्यात, खांद्याला आठवण असते, त्याला खोटी गोळी कळत नाही. तुझी तर वीतभरच गेली, आर्विडची हातभर जाते.

काही नाही. मी काही म्हटलं नाही. साखर घे.

बरं, ऐकलंयस तर ऐकलंयस. पण टेसाला नाही, कोणालाच नाही. खाणीमागच्या मैदानावर एकदा नेम लावायला गेलो होतो आम्ही, सगळी मंडळी होती, आणि आर्विड गोळी भरायलाच विसरला. नुसतं टक् वाजलं आणि नळी अशी गपकन खाली गेली, जसं बदक पाण्यात चोच घालतं. मी वळून थर्मासचं झाकण शोधायला लागले. झाकण थर्मासवरच होतं. संसारात असं झाकण शोधावं लागतं कधी कधी, कळेल तुलाही.

मग एवढा मोठा एल्क कसा मारला म्हणतोस? वर भिंतीवरच्या मुंडक्याकडे बघतोयस ते कळलं मला. सगळेच बघतात. सहा-सहा फाट्यांची शिंगं आहेत, त्या कोपऱ्यातून या कोपऱ्यापर्यंत, आणि खाली पितळी पाटी, आर्विड होल्टे. दर सोमवारी मीच पुसते ती पाटी, आर्विड हात लावत नाही. कोणी त्या एल्कची गोष्ट विचारली की तो गोळ्यांच्या पेट्या मोजायला आत जातो, आणि मलाच सांगावी लागते. स्वभावानं नम्र आहे, काय करणार.

हंगामाचा तिसरा दिवस होता. गुडघाभर बर्फ. कड्याखालच्या झाडीतून हा बाहेर आला, दोनशे पावलांवर, आणि उभा राहिला, जसा काही घराचा मालक ओसरीवर येतो. आर्विड त्या खडकाशी, मी या खडकाशी. दोघांनी एकदम चाप ओढला – इतकं एकदम की आवाज एकच आला. चाळीस पावलं गेला आणि बसला खाली. आर्विड म्हणाला, लागली. मी म्हटलं, लागली. मारलेल्या जनावराला परवान्याची चिठ्ठी बांधायची असते, ती त्यानं त्याची बांधली. झाली गोष्ट. एवढीच सांगते मी लोकांना.

फोन नाही आला ना अजून?

तुला का सांगतेय मला कळत नाही. तू शनिवारी त्याच कड्याखाली जाणार आहेस म्हणून असेल. हे बघ, हा गल्ला उघडला, टाचण्यांच्या डबीत हात घातला, ही घे. काय आहे सांग. बरोबर, गोळीच. पुढून फुललीय कशी, अळंबीसारखी. सोलताना सापडली मला, पलीकडच्या बाजूला, कातड्याच्या आत. जनावराच्या अंगावर भोक एकच होतं, कॉर्बिन. मी पूर्ण तपासलं, दोनदा. एकच भोक आणि आत ही एकच गोळी. आता हिचं बुड बघ. तोंड फुलतं, पण बुड मूळचं राहतं. ही आर्विडच्या मॅग्नमच्या काडतुसाची रिकामी पुंगळी, घाल त्यात. कशी खडखडतेय, गाडग्यात सुपारी टाकल्यासारखी. आणि ही माझ्या रायफलची, दोनशे सत्तरची. घाल. बसली? कशी अलगद बसली.

हं. मी पण अशीच घालून बघितली होती. आर्विड मुंडकं घेऊन पेंढा भरणाऱ्याकडे गेला होता, मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी, बाजूला मांसाचे गठ्ठे बांधायचे पडलेले. पहिल्यांदा हसले. मग गोळी डबीत टाकली आणि गठ्ठे बांधायला घेतले.

सांगितलं का नाही म्हणून काय विचारतोस. त्या वर्षी आर्विड कामाला होता ती लाकडाची गिरणी बंद पडली होती. चार महिने हा माणूस नुसता खिडकीशी बसून. टेसा दोन वर्षांची, ती सुद्धा त्याच्याशी हळू बोलायची. आणि त्या दिवशी बर्फात चार महिन्यांनी हसला तो. मग लोक घरी यायला लागले, मुंडकं बघायला, आर्विड कोणती गोळी वापरतोस, आर्विड नेम लावून देशील का – असं करत करत हे दुकान उभं राहिलं. ती पाटी म्हणजे आमच्या छपराचा खांब आहे रे. खांबावर नाव कोणाचं का असेना. तोंडापर्यंत आलं होतं कित्येकदा. मग म्हटलं, राहू दे, एल्कला तरी कुठं कळलं.

पण तुझं तसं नाही. तुला मी ही मॅग्नम दिली तर शनिवारी काय होईल ते मला दिसतंय. जनावर समोर येईल, आर्विड शेजारी असेल, त्याच्यासमोर चुकू नये म्हणून तू घाई करशील, खांदा आठवण काढेल, डोळे मिटतील. आणि चुकली तर चुकली, उलट बरं. पण पोटात लागली तर एल्क दोन डोंगर ओलांडून जाईल, आणि तू तीन दिवस बर्फावर रक्ताचे थेंब शोधत फिरशील आणि तो सापडणार नाही. मी पाहिलेत असे लोक. पुढच्या वर्षी ते मासे पकडायला जातात, त्याच्या पुढच्या वर्षी ते पण नाही. जन्माला पुरणारी रायफल हवीय ना तुला? मग जन्मभर पुरेल अशी घे, पहिल्याच हंगामात संपेल अशी नको.

ही घे. दोनशे सत्तर. धक्का कमी. अक्रोडाचं लाकूड आहे, जुनी आहे, ओरखडा आहे तो तसाच राहू दे, ओळख राहते. माझी आहे तिचीच ही थोरली बहीण. माझा दस्ता तेवढा आखूड – लग्न झालं त्या वर्षी आर्विडनं जेवणाच्या टेबलावर ठेवून करवतीनं कापला, दोन बोटं, माझ्या हाताच्या मापानं. अर्धा तास नुसतं माप घेत होता, तोंडातून शब्द नाही. बोलायचं म्हटलं की दाढ काढल्यासारखं होतं त्याला. लग्नाची मागणीसुद्धा गोळ्यांच्या पेटीत चिठ्ठी घालून घातली होती. लाव खांद्याला. कशी बसली? खोटी गोळी घालते, घाबरू नकोस. पंचवीस तारीख. ओढ.

हलली नाही. बघ, पंचविसावरच आहे अजून. परत ओढ. परत. हसतोयस ना आता?

आर्विडची काळजी नको, ते माझ्याकडे. सांग, मॅग्नम संपल्या. सांग, वर्नानं ऐकलंच नाही, म्हातारी हट्टी आहे. मला शिव्या दे हवं तर, पण या गोळीबद्दल अक्षर नाही. शपथ घे. त्या एल्ककडे बघून घे.

हॅलो – हो, होल्टेंचं दुकान – हो, सांगा. बरं. बरं, आभारी आहे.

मिळाली मंजुरी. दे आता खिशातला तो कागद, मागच्या कोऱ्या बाजूवर तुला नेम लावायचं लिहून देते, शंभर पावलांवर किती, दोनशेवर किती. चष्मा कुठं – हा, डोक्यावरच. अक्षर बघा या माणसाचं, कोंबडीनं पाय पुसल्यासारखं. 'वर्ना, तंबूवर मीठ संपलंय, दोन पिशव्या पाठव. पोराला तुझ्यासारखी दे. माझ्यासारखी देऊ नकोस. का म्हणाला तर म्हणावं, भिंतीवरच्या एल्कला –'

'भिंतीवरच्या एल्कला विचार. त्याला माहीत आहे.'

काही नाही रे. कॉफीची वाफ आली चष्म्यावर.

माहीत होतं, म्हणून पाटीला हात लावत नाही होय. आणि मी दर सोमवारी लिंबू लावून घासतेय ती. सव्वीस वर्षं पेट्या मोजायला जातोय आत – एवढ्या पेट्या आहेत तरी का आमच्याकडे.

ऊठ. ही रायफल, ही एक पेटी, एकच पुरे. जाकीट घे, मोठं होईल पण नारिंगी आहे, लांबून माणूस म्हणून दिसशील. आणि मीठ, फळीवरून दोन – तीन घे. ती गोळी दे इकडे, डबीत राहू दे तिची ती. आणि आर्विडनं विचारलं, विचारायचा नाही, पण विचारलं, की वर्ना काय म्हणाली, तर सांग काही म्हणाली नाही. मीठ दिलं म्हणावं.

जा आता. दार ओढून घे.